जी शिवेल ती आधी बसेल

पार्कच्या मागच्या अंगाला पत्र्याचं उंच कुंपण उभं राहिलं, त्यावर रंगाऱ्याने निळ्या रंगात ग्रह-तारे काढले आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘लवकरच अंतराळात’ असं लिहून ठेवलं. झालं. त्या दिवसापासून वस्तीला दुसरा विषय उरला नाही. न्हावी सांगे, आतली हवा काढून घेतात आणि माणसं तरंगतात. हवा काढली तर माणूस जगेल कसा, हे विचारायची गिऱ्हाइकाची हिंमत नव्हती, गळ्याशी वस्तरा असायचा. किराणावाल्याच्या मते आत चंद्राची माती पसरली होती, आणि ती त्याच्याच दुकानातल्या रिकाम्या गोण्यांतून गेली होती. शाळेतल्या बाईंनी वर्गात सांगून टाकलं की आत गेल्यावर वजन निम्मं होतं, त्यावर खुद्द मुख्याध्यापकांनी तिकीट कधी सुटणार याची चौकशी केली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सगळा कारभार चालला होता.

खरं काय ते माहीत असलेली एकच बाई त्या गल्लीत राहत होती, आणि ती मूग गिळून बसली होती. ती त्या राईडच्या गाद्या शिवत होती. पार्कातल्या सगळ्या राईडच्या सीटा, पाठी, पट्टे तिच्या मशीनखालून जायचे. या नव्या कामाला मात्र तिच्याकडून कागदावर सही घेतली होती, की आतलं बाहेर काही सांगणार नाही. रोज सकाळी फोनसुद्धा गेटवरच्या कपाटात ठेवून जावं लागे. शेजारणींनी गोड बोलून पाहिलं, रुसून पाहिलं. ही आपली हसायची आणि दार लावून घ्यायची.

घरात माणसं तीन, पण नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्याचे आठ दिवस दिसला तर दिसला. उरली ती आणि तिचे सासरे, ज्यांना ती बाबा म्हणे. सासरे त्याच पार्कात तीस वर्षं फिटर होते. राईड हा शब्द त्यांनी कधी तोंडात घेतला नाही, त्यांच्या लेखी गोल फिरणारा, उभा चढणारा, पाण्यात आपटणारा, सगळा पाळणाच. सासूबाई तिथेच गाद्या शिवायच्या. सुनेच्या हातात सुई दिली ती त्यांनीच, आणि सुईबरोबर एक नियमही दिला. कुठलीही सीट शिवून झाली की लोकांच्या आधी तिच्यात शिवणारीने बसायचं. ‘जी शिवेल ती आधी बसेल,’ असं म्हणून सासूबाई पदर खोचून पहिल्या फेरीला बसत. आपला टाका आपल्याच जिवावर तोलून बघायचा, मग दुसऱ्याचं लेकरू त्यात बसवायचं. पार्कात साहेब किती आले न् किती गेले, पण हा नियम कुणी मोडला नाही.

चौदा महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या. दोन दिवस अंगात कसकस होती म्हणून पडून होत्या, तेवढंच. सून कामावर होती. बाबा कोपऱ्यावर दूध आणायला गेले, पंधरा मिनिटांत परत आले, तोवर सगळं आटोपलं होतं. दुधाची पिशवी किती तरी वेळ त्यांच्या हातात तशीच होती. त्या दिवसापासून म्हातारा उंबऱ्याबाहेर पडला नाही. एकदाच काय ते बोलले, ‘मी बाहेर गेलो की घरात काहीतरी होतं.’  डॉक्टर घरी येऊन बजावून गेले, की असेच बसून राहाल तर पाय चालणं विसरतील. लेकाने रागावून पाहिलं, सुनेने रडून पाहिलं. बाबा कॉटवर बसून भिंतीकडे बघत, आणि तिला कामावरून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर दाराच्या आत उभे राहून गल्ली न्याहाळत. ती वळणावर दिसली की परत जाऊन बसत. तिला ते रोज दिसायचं.

अशात एका संध्याकाळी जेवताना बाबांनी तिच्या बाहीवरून काळ्या फोमचा कण उचलला, चिमटीत दाबला आणि सोडला.

‘जाड आहे,’ ते म्हणाले. ‘बसायचा नव्हे. खांद्यावरून छातीवर उतरतो तो. म्हणजे पाळणा उलटा होतो.’

ती गप्प बसली. खरंच होतं ते. कितीतरी महिन्यांनी बाबांच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं.

तिथून त्यांचा खेळ सुरू झाला. बाबांनी अंदाज करायचा. चुकला तर ती ‘नाही’ म्हणे, बरोबर आला तर गप्प बसे. न सांगायची सही केली होती ना, मग गप्पच तर बसत होती ती, शब्द कुठे मोडला? बाबा रोज विचारत, आज दोऱ्याची किती रिळं संपली, सुई कुठल्या नंबरची, रेक्झिन कुठल्या रंगाचं. सामानाचं तेवढं ती सांगे. शितावरून भाताची परीक्षा करावी तर या माणसाने. करड्या रंगावरून त्यांनी ओळखलं की आत काळोख आहे. पाठीच्या उंचीवरून ओळखलं की माणूस उताणा होऊन वर चढतो. खिडकीतून कुंपणावर डोकावणारा एक लोखंडी खांब दिसायचा, तो बघायला ते कॉटवरून उठून खिडकीपर्यंत जाऊ लागले, मग दिवसातून चारदा, मग दहादा. एकदा बोलूनही गेले, ‘उघडला की एक नजर टाकायला हवी. माझं कुठे चुकतंय ते कळेल.’ तिने भाजी ढवळता ढवळता डोळे पुसले. धुराने पाणी आलं म्हणाली, आणि शेगडी होती विजेची.

पण हुशार माणसाला हातचं राखून ठेवता येत नाही. चौथ्या आठवड्यात बाबांनी बोटांवर मोजत हिशेब पुरा केला. काळोख, उभा चढ, वरून उलटा गोता, मध्ये क्षणभर अंग हलकं. एकेका गोष्टीला ती गप्प बसत गेली.

‘झालं की मग,’ बाबा म्हणाले आणि कॉटवर जाऊन आडवे झाले. ‘आता बघायचं काय राहिलं?’

दुसऱ्या दिवशी ते खिडकीपाशी गेले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. तिला मशीनवर काही सुचेना. मग तिने करू नये ते केलं. लहान मुलांच्या झुकझुक गाडीचे जुने पट्टे वर्कशॉपच्या कोपऱ्यात टाकलेले होते, नुसते कमरेला बांधायचे, बोटभर रुंदीचे. त्यातला एक पिशवीत घातला आणि घरी येऊन विसरल्यासारखा टेबलावर टाकला.

बाबांनी तो बरोबर उचलला. ‘हा या पाळण्याचा?’

ती गप्प बसली. त्या घरात गप्प बसणं म्हणजे हो.

‘आणि खांद्यावरचं? ते शिवलंस ना?’

‘नाही,’ ती म्हणाली.

म्हाताऱ्याला नवं कोडं घालून दिलं, आता पुन्हा खिडकीशी जातील, एवढाच तिचा डाव. पण बाबा कोड्यात पडल्यासारखे दिसेनात. पट्टा त्यांनी दोन्ही हातांत ताणला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. दोन घास खाऊन ताट सारलं. तिने विषय बदलायचा म्हणून सांगितलं, उद्या दहाला पहिली फेरी आहे.

‘तू बसणार?’

‘मग? शिवलंय कुणी?’

बाबा तिच्याकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. तीस वर्षांची खोड होती ती. हातात घेऊन पारखल्याशिवाय हा माणूस तोंड उघडत नसे. तिला वाटलं, संपला खेळ, आपल्याच दीडशहाणपणाने संपला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

सकाळी ती निघाली तेव्हा बाबा पाठमोरे बसले होते. पार्कात सगळे जमले होते. समोर मोठ्या घुमटाचं दार उघडं होतं, आत काळोख. ती पहिल्या रांगेत बसली, तिच्याच हातची जाड गादी खांद्यांवरून खाली उतरली, इंजिनीअर मॅडमनी खटका ओढून बघितला. तेवढ्यात वॉचमन धावत आला. हातभर जीभ बाहेर काढून म्हणाला, ‘मॅडम, थांबवा. गेटवर फिटरकाका आलेत. आत सोडा नाहीतर वीज तोडतो म्हणतायत.’

ती गादीखालून कशी सुटली आणि गेटपर्यंत कशी पळाली, ते तिचं तिला कळलं नाही.

बाबा वॉचमनच्या स्टुलावर बसले होते, पण एका हाताने गेटचा गज घट्ट धरून, उठवलं तर उठणार नाही अशा बेताने. शर्टाची बटणं एकाआड एक लागली होती. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात लेकाची. घरापासून पार्क वीस मिनिटांचा, त्यांना दीड तास लागला होता.  दुसऱ्या हातात तो पट्टा होता.

‘फोन लागत नव्हता तुझा,’ ते तिला म्हणाले. मग मॅडमकडे वळले. ‘बाई, हा पट्टा मी आज कडीला अडकवून पाहिला. सरळ धरला तर भरलेल्या दोन बादल्या तोलतो. पण तुमचा पाळणा उलटा होतो. उलट्या माणसाची कंबर यातून निसटते. खांद्याला तुम्ही काही ठेवलेलं नाही. माझी सून यात पहिली बसणार आहे, मी तिला बसू देणार नाही. हवं तर पोलीस बोलवा.’ श्वास लागला म्हणून ते थांबले. ‘एकदा मी उशिरा पोचलोय.’

 मॅडमनी पट्टा बघितला आणि मग तिच्याकडे बघितलं. नोकरी जाते की राहते, याचा विचार करायला तिला वेळच नव्हता. ती बाबांपुढे उकिडवी बसली.

‘बाबा, हा झुकझुक गाडीचा पट्टा आहे. खांद्याचं आहे, चांगलं चार बोटं जाड आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं होतं.’

‘तू नाही म्हणालीस.’

‘खोटं बोलले. तुमचे अंदाज संपले आणि तुम्ही परत भिंतीकडे तोंड करून बसलात. मला ते बघवेना. तुम्ही बाहेर यावं एवढंच हवं होतं हो मला.’ आणि ती चारचौघांत रडली.

बाबांनी पट्टा गुंडाळून तिच्या हातात दिला. मग म्हणाले, ‘टाक्याच्या कामात खोटं बोलू नये. तुला शिकवलंय ना तिने.’

‘शिकवलंय.’

‘पुन्हा नाही करायचं.’

‘नाही करणार.’

मॅडम तरुण होत्या, पण शहाण्या होत्या. सहीचा कागद त्यांना आठवला नसेल असं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आधी काकांना पाणी द्या. आणि काका, आलाच आहात तर सीट एकदा तुमच्या हाताने बघून द्या.’

बाबांना दोघांनी धरून आत नेलं. त्यांनी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. प्रत्येक गादीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, खटके ओढले, एका ठिकाणी बोल्ट पाव आटा आवळायला लावला. काही चूक नव्हती त्यात, पण तीस वर्षांचा फिटर आणि बोल्टाला हात न लावता परत जाईल? तिच्या सीटपाशी ते थांबले. दुहेरी टाका, कोपऱ्यावर येताना एक घर मागे घेऊन वळवलेला.

‘तिचाच टाका आहे,’ ते हळूच म्हणाले. मग सुनेला म्हणाले, ‘बस.’

गाडी काळोखात शिरली. ती उताणी होऊन वर चढत गेली, बारीक बारीक दिवे अंगावर आले, माथ्यावर क्षणभर सगळं थांबलं आणि मग ती उलटी झाली. खांद्यांवरच्या गादीने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. अंग पिसासारखं झालं. तिला सासूबाईंची आठवण आली, आणि बाबा खाली उभे आहेत याची. गाडी परत उजेडात आली तेव्हा ते होते तिथेच होते, कठड्याला धरून, जागचे तसूभर हलले नव्हते.

‘चंद्राची माती आहे का आत?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘माणूस तरंगतं?’

ती गप्प बसली. बाबा हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे पुढचे पडके दात दिसले.

मॅडमनी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. दोघं हळूहळू गेटकडे निघाली, तिच्या खांद्यावर त्यांचा हात. वाटेत एका बाकापाशी बाबा एकदम थांबले.

‘दाराला कुलूप घातलं नाही मी,’ ते म्हणाले. ‘सताड उघडं टाकून आलो.’

तिने त्यांचा हात घट्ट धरला. आता हा माणूस धडपडत घराकडे निघणार, आणि उद्यापासून पुन्हा तेच.

बाबांनी थोडा विचार केला.

‘घरी कोण आहे आत्ता?’

‘कुणी नाही, बाबा. तुम्ही इथे, मी इथे.’

‘मग बसू जरा,’ बाबा म्हणाले, आणि बाकावर बसून त्यांनी लेकाची चप्पल पायातून काढली.