खोट कुणाची

"हा आजार उगीच कुणाला होत नाही म्हणतात," ताई म्हणाली आणि कपातल्या चहाकडे बघत राहिली.

आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. मिस्त्रीनं दाराकडे पाहिलं. बायकोनं ऐकलं होतं.

ताई त्याची थोरली बहीण. मनानं वाईट नव्हती, पण तोंडाला झाकण नव्हतं. भावजयीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर निघालाय, तो एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढं तिच्या कानावर आलं होतं. अर्धवट ऐकलेलं पूर्ण करायला तिला वेळ लागत नसे. मिस्त्रीनं कसाबसा विषय बदलला आणि तिला खाली पोचवून आला. तिला दोन शब्द सुनावायला हवे होते, हे त्याला परत जिना चढताना सुचलं. आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केलेल्या या माणसाला लिफ्टची कुरकुर लांबून कळायची, माणसांच्या बाबतीत मात्र सगळं उशिरा सुचायचं.

बायको मोठी बोलकी. कपडे आखूड-सैल करून द्यायची. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कमरेचे घेर तिला तोंडपाठ होते आणि कुणाचा वाढला हे ती कुणालाही सांगत नसे, नवरा सोडून. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर पुन्हा कपड्यांवर डाग दिसायला लागले, ते मात्र तिनं त्याच्यापासूनही लपवले होते. आणि आता आजाराचं नाव कळल्यापासून तिनं आपला कप वेगळा केला, टॉवेल वेगळा केला, अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्हाला लागायला नको."

ती दवाखान्यात किरणांचा शेक घ्यायला आत गेली असताना मिस्त्री एक दिवस डॉक्टरबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. काय विचारायचं ते घोकून आला होता, ऐन वेळी सगळं विसरला आणि एवढंच म्हणाला, "हे आलं कुठून?"

बाईंनी त्याला बसवलं. हा विषाणू कधी ना कधी बहुतेकांच्या वाट्याला येतो, त्या म्हणाल्या, आणि बहुतेकांचं शरीर त्याला हाकलूनही देतं. थोड्यांच्यात तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुणी सांगू शकत नाही, तेव्हा विचारूही नका. आणि कपानं, टॉवेलनं तो लागत नाही.

"मग हिच्याच शरीरानं हार का मानली?"

ते मलाही नेमकं सांगता येणार नाही, बाई म्हणाल्या, पण तिथं काय घडतं ते सांगते. शरीरातल्या पेशीत पहारेकरी असतात. त्यातले दोन महत्त्वाचे. एक, गरज नसताना पेशीला वाढू देत नाही. दुसरा आतली मोडतोड तपासतो. दुरुस्त होण्यासारखी असेल तर पेशीला थांबवतो, नसेल तर पेशीला संपवूनच टाकतो. विषाणूला पेशी राबवून घ्यायची असते. तो पहिल्याला बांधून घालतो आणि दुसऱ्याला पेशीच्याच कचऱ्यात टाकायला लावतो. मग मोडतोड साचत जाते, पेशी मोकाट वाढतात आणि कधीतरी त्यांची गाठ होते.

मिस्त्रीनं ते आपल्या भाषेत लावून पाहिलं. "म्हणजे ब्रेक झिजला नव्हता. कुणीतरी काढून टाकला."

"शरीर नवा बनवतच असतं," बाई म्हणाल्या, "आणि तो पुन्हा पुन्हा काढून टाकला जातो."

घरी आल्यावर त्यानं बायकोचा वेगळा ठेवलेला कप घेतला आणि त्यात आपला चहा ओतला.

"अहो, तो माझा आहे."

"माहितेय." तो प्यायला लागला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. निम्मे शब्द डॉक्टरबाईंचे, निम्मे लिफ्टचे. ती कापडावरचे धागे वेचत ऐकत होती.

"म्हणजे माझ्यात खोट नव्हती?"

"नव्हती. तुझं शरीर पहारेकरी पाठवतच होतं. बिचाऱ्यांना कुणी टिकू दिलं नाही."

तिनं पदर डोळ्यांना लावला. जरा वेळानं म्हणाली, "लोकांची लिफ्ट बंद पडली की 'वायर गेली' एवढं सांगून मोकळे होता. आज बरे इतके बोललात." त्या दिवसापासून अंथरूण पुन्हा जागेवर आलं.

उपचार संपले. गाठ गेली असं बाईंनी सांगितलं, पण तपासत राहू म्हणाल्या. बायको वाळली होती. जिना चढताना मध्ये थांबायची.

अशात ताई आली. इकडचं तिकडचं बोलली, उठली, परत बसली. शेवटी मशीनजवळ जाऊन हळूच म्हणाली, "माझी तपासणी कधी झालीच नाही गं. एकटीला जायचा धीर होत नाही."

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. आता ती टाकून बोलली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. तिनं सुईत दोरा ओवला आणि मग मान वर केली.

"उद्या सकाळीच जाऊ, ताई. सैल कपडे घाला."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीबाहेर ती बाकावर बसली होती, मांडीवर ताईची पर्स आणि चष्मा. टणक बाकावर बसणं तिला अजून जड जात होतं, म्हणून मिस्त्रीनं आपला स्वेटर घडी करून तिच्या खाली सरकवला. आतून ताईचा बारीक आवाज आला, "आहेस ना गं?"

"इथंच आहे," ती म्हणाली आणि बाकावरून दाराच्या बाजूला सरकली.