मोनिका, पुढं दोन हजार चार

श्रीरामपुरातल्या एका रक्तपेढीत अकरा वर्षं एकच पासवर्ड चालला. संगणक नऊ, माणसं चौदा आणि पासवर्ड एक. तो गुप्त आहे असं कागदोपत्री म्हणायचं, एरवी तो चौकातल्या नळासारखा सगळ्यांचा होता. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या सकाळी तो यंत्रासमोर बावरून बसायचा आणि पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी मान वर न करता सांगायचं, "मोनिका टाक. पुढं दोन हजार चार." रक्तदात्यांना चहा-बिस्किट देणाऱ्या बनुबाईला संगणक कुठून चालू होतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं, पण पासवर्ड तिलाही पाठ होता. कुणी अडलं की ती कपबश्या विसळता विसळता तिथूनच ओरडायची, "मोनका हाय की वो, मोनका."

हा पासवर्ड जालिंदरने घातला होता. रक्तपेढीतली सगळी यंत्रं, त्यांतली माहिती, दात्यांची नावं, फोन, रक्तगट, कोणती पिशवी कोणत्या दिवशी कुठे गेली याच्या नोंदी, या साऱ्याची राखण त्याच्याकडे होती आणि ती तो मनापासून करायचा. दर शनिवारी सगळ्या माहितीची एक प्रत काळ्या डब्बीएवढ्या डिस्कवर उतरवून तो घरी नेऊन कपाटात ठेवायचा, उद्या रक्तपेढी जळाली तरी माहिती वाचावी म्हणून. त्या डिस्कलाही तोच पासवर्ड होता.

मोनिका ही त्याची मुलगी. २००४ साली जन्मली आणि २०१३च्या सप्टेंबरात डेंग्यूने गेली. प्लेटलेट नगरहून यायच्या होत्या. त्या आल्या, पण तोवर त्यांची गरज उरली नव्हती. जालिंदर तेव्हा एका क्लासमध्ये मुलांना संगणक शिकवायचा. पुढच्या वर्षी रक्तपेढीत यंत्रं बसणार असं कळल्यावर त्याने अर्ज केला, आणि पहिल्या दिवशी यंत्राने पासवर्ड मागितला तेव्हा त्याची बोटं आपोआप चालली. यात शहाणपणा नव्हता हे त्याला कळत होतं. मुलाबाळांची नावं पासवर्डला ठेवू नयेत, हे तोच क्लासमध्ये घसा फोडून सांगत आला होता.

घरात मात्र ते नाव बंद होतं. भारतीने, त्याच्या बायकोने, त्या सप्टेंबरानंतर ते एकदाही उच्चारलं नव्हतं आणि तिच्यासमोर तो उच्चारू धजत नव्हता. फोटो ट्रंकेत गेले होते. उघड्यावर उरला होता तो एक स्टीलचा पेला. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी नातेवाइकांना पेले वाटले होते, प्रत्येकावर मशीनने कोरलेलं, 'चि. मोनिका हिच्या प्रथम वाढदिवसानिमित्त'. त्यातला मागे राहिलेला एक भारती रोज घासून माठाच्या झाकणीवर पालथा घालायची. म्हणून सकाळी साडेनऊला नऊ माणसं आपापल्या खुर्चीत बसून आपल्या लेकीचं नाव बोटांनी लिहितात, एवढा एकच आधार जालिंदरला होता, आणि हे त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. साडेनऊच्या त्या खडखडाटात तो रोज क्षणभर डोळे मिटायचा. लोकांना वाटायचं, साहेब देवाचं नाव घेतात.

दिवाळीनंतर कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात एका दवाखान्याचे सगळे संगणक कुणी दूर बसून कुलूपबंद केल्याची बातमी आली आणि रक्तपेढीचे विश्वस्त घाबरले. त्यांनी पुण्याहून तपासणीला माणूस बोलावला. आल्या त्या दीपा मॅडम, पन्नाशीच्या, हलक्या आवाजात बोलणाऱ्या, स्वतःचा डबा स्वतः आणणाऱ्या. त्यांनी दोन दिवस यंत्रं पाहिली, मग एकेक कीबोर्ड उचलून खालच्या चिठ्ठ्या काढल्या. नऊ कीबोर्ड, नऊ चिठ्ठ्या, सगळ्यांवर एकच नाव. त्या रागावल्या नाहीत. चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या टेबलावर लावून त्यांनी जालिंदरला विचारलं, "मोनिका कोण?"

तेव्हा हॉलमध्ये सगळे होते. बनुबाईही कपबश्यांचा ट्रे घेऊन उभी होती. अकरा वर्षं सगळ्यांना माहितीची राखण शिकवणारा माणूस स्वतःच असा पकडला गेला, याची त्याला मनस्वी लाज वाटली.

"कुणी नाही, मॅडम," तो म्हणाला. "असंच सुचलं होतं."

"मग बरं झालं. जवळचं नाव असलं की पुसताना माणसं त्रास करून घेतात."

पुसणं पंधरा मिनिटांचं काम निघालं. प्रत्येकाला आपापला वेगळा पासवर्ड मिळाला आणि मुख्य यंत्राचा फक्त जालिंदरला. तो यंत्रानेच बनवला, बारा अक्षरं नि आकडे, ज्यात कुणा माणसाचं काही नाही असा. दीपा मॅडमनी नियम सांगितले. कुठे लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, आणि दर नव्वद दिवसांनी हाही पुसून नवा घ्यायचा. जुना पुन्हा घालून बघितला तरी यंत्र घेणार नाही. नऊ चिठ्ठ्या मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात जाळल्या. जालिंदरने स्वतः काडी लावली, आणि घरी जाताना त्याला वाटलं की आपण तिला दुसऱ्यांदा पोचवून आलो.

आठवडाभराने बनुबाईने चहा आणून दिला तेव्हा त्याला ते नाव एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकावंसं वाटलं. जुना पासवर्ड आठवतो का, असं त्याने तिला थट्टेने विचारलं.

बनुबाईने रिकामा ट्रे काखेत मारला. "आमाला काय ठावं साहेब. आमी कुठं कंप्युटरवर बसतो."

ती थट्टा करत नव्हती. त्याने रक्त तपासणाऱ्या नितीनला विचारलं. नितीनने डोकं खाजवलं, बाईचं नाव होतं की गावाचं, असं काहीबाही म्हणाला आणि पिशव्यांना लेबलं लावायला निघून गेला. माणसं विसरतात, यात नवल ते काय, असं जालिंदरने मनाला समजावलं. पण त्या दुपारी त्याने दात्यांच्या यादीत मोनिका हे नाव शोधलं. श्रीरामपुरात या नावाच्या मुली चिक्कार, त्यांतल्या पंचवीस-तीस जणी तरी दर शिबिराला यायच्या. यंत्राने सांगितलं, नोंद नाही. त्याने यादी हाताने खाली सरकवत नेली. एके ठिकाणी साळवे हे आडनाव होतं, रक्तगट होता, फोन होता, नावाची जागा कोरी. पुढे पंडित, कोरी. गायकवाड, कोरी. अशा अठ्ठावीस.

त्याने साळवेंचा फोन लावला. रक्तपेढीतून बोलतोय, नोंद अर्धवट आहे, तुमचं पूर्ण नाव सांगा, असं म्हणाला. बाईंनी चटकन आडनाव सांगितलं, पत्ता सांगितला. पहिलं नाव, असं त्याने पुन्हा विचारलं. मागे कुकरची शिट्टी झाली, एक मूल रडून गप्प झालं. बराच वेळ बाईंचा श्वास ऐकू येत राहिला आणि मग फोन ठेवला गेला.

शनिवारी त्याने कपाटातली डिस्क काढली. तिच्यात जुनी यादी होती, सगळी नावं होती. त्याने सावकाश, एकेक अक्षर बघत मोनिका२००४ लिहिलं. चुकीचा पासवर्ड, असं आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच, आणि खाली एक ओळ, की आता एकच संधी उरली आहे, त्यानंतर आतली माहिती नष्ट होईल. त्याने हात मागे घेतले. ती एक संधी त्याने राखून ठेवली.

त्या संध्याकाळी तो पाणी प्यायला गेला. माठावरचा पेला उचलला आणि सवयीने अंगठा अक्षरांवरून फिरवला. 'चि.' लागलं. 'हिच्या प्रथम वाढदिवसानिमित्त' लागलं. दोहोंच्या मधे बोट सरळ घसरलं. त्याने पेला उजेडात धरला. घासून घासून अक्षरं झिजतात, पण झिजली तर सगळी झिजतील. मधली जागा आरशासारखी लख्ख होती, तिथे कधी सुई टेकलीच नव्हती अशी. भारती पोळ्या लाटत होती. तिला विचारायला त्याचं तोंड उघडलं, पण बारा वर्षांची सवय आडवी आली, आणि तिने नाव विसरल्याचं कबूल केलं तर आपण काय करू, या विचाराने त्याने पेला पुन्हा माठावर पालथा घातला.

घोडेगावला त्याची आई होती, मालनबाई. तिच्याकडेही एक पेला होता, पण तिला वाचता येत नव्हतं. त्याने फोनवर इकडचं तिकडचं विचारलं आणि मग नातीचा विषय काढला. म्हातारीने लगेच पदर डोळ्याला लावला असावा, आवाजावरून कळलं. पोरीचे केस कसे होते, बाजारच्या दिवशी म्हशी बघायला कशी हट्ट करायची, सगळं तिने सांगितलं. शेवटी म्हणाली, "जालिंदर, येक इचारू का? म्या लई दिस झालं आठवून ऱ्हायले. काय रं नाव ठिवलं हुतं आपुन तिचं?"

त्याने सांगितलं. मोठ्याने, दोनदा सांगितलं. पलीकडून आई म्हणत राहिली, "ऐकू येत न्हाई रं. मधीच गप व्हतोस."

त्यानंतर त्याने नियम मोडला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या कडेला, भारती दुधाचे खाडे मांडते तिथे, त्याने पेनाने नाव आणि साल लिहून ठेवलं. सकाळी पाहिलं तर त्याच्याच अक्षरात २००४ होतं आणि त्याच्या आधी तीन अक्षरांएवढी कोरी जागा होती. आता ते फक्त त्याच्या डोक्यात उरलं होतं. तो स्कूटरवर जाताना पुटपुटायचा, रांगेत उभा असताना पुटपुटायचा, जेवताना घास थांबवून मनात म्हणायचा. त्याने झोप सोडली नाही, कामही सोडलं नाही. रोज साडेनऊला नऊ माणसं नऊ वेगळी अक्षरं बडवायची आणि तो डोळे उघडे ठेवून बसून राहायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी लांबलचक होती. तो पुटपुटत होता, गाडी जात होती. शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि जालिंदर तोंड अर्धवट उघडं ठेवून तिथेच उभा राहिला. ओठ मिटून सुरुवात व्हायची, एवढं त्याला आठवत होतं. तो ओठ मिटत होता आणि पुढे काही येत नव्हतं. त्याला तिचा चेहरा दिसत होता, तापाने सुकलेले ओठ दिसत होते, सलाईनचा हात दिसत होता. हाक मारायला काही नव्हतं. माणसांच्या गर्दीत, भर रस्त्यात तो हमसून रडला.

तो रक्तपेढीत गेला नाही. घरी परतला, भारती बाहेर गेली होती. डिस्क काढून ती शेवटची संधी त्याने समोर उघडली आणि रिकाम्या चौकटीत लुकलुकणारी रेघ पाहून पुन्हा मिटली. मग पेला पिशवीत घालून तो मेन रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात गेला. तिथे गहिनीनाथ नावाचा म्हातारा दारातच मशीन घेऊन बसायचा. एकवीस वर्षांपूर्वीचे पेले त्यानेच कोरले होते. त्याने पेला फिरवून पाहिला.

"मधी ऱ्हायलंय व्हय. आमच्याकडनंच ऱ्हायलं जनू." त्याने मशीन चालू केलं. "सांगा. नाव काय घालू?"

सुई घूं घूं करत थांबली होती. जालिंदरने ओठ मिटले, उघडले. आणि मग त्याच्या तोंडून ते सलग, न अडखळता, पाठ केलेल्या श्लोकासारखं बाहेर पडलं. "क्यू, सात, व्ही, नऊ, टी, एक्स, दोन, झेड, के, चार, एम, आर."

त्याला वाटलं, म्हातारा आता हसेल. गहिनीनाथ मान डोलावून कोरत राहिला. शेवटचं अक्षर संपलं तेव्हा त्याने फुंकर मारली आणि समाधानाने म्हणाला, की जागा बरोब्बर पुरली.

दुपारी भारती आली. पाणी प्यायला माठाकडे गेली, पेला उचलला आणि तशीच थांबली. तिचा अंगठा अक्षरांवरून एकदा गेला, पुन्हा गेला. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि पेला छातीशी धरून रडायला लागली, ती बारा वर्षांत रडली नव्हती तशी.

"किती वर्षांनी घरात हिचं नाव आलं हो," ती म्हणाली.

मग तिने ती बारा अक्षरं उच्चारली, हळू, लाडाने, केसांतून हात फिरवावा तशी. जालिंदर तिच्यापाशी बसला. तिच्या खांद्यावरून त्याला समोरचं कॅलेंडर दिसत होतं. नव्वदातले अकरा दिवस उरले होते.