डोकं कुणाच्या ताटात

माझा नवरा कताल्दो तसा देवमाणूस. पण आईचा विषय निघाला की त्याला ताळतंत्र राहत नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून हा आईच्या घराची राखण करतो. तिच्या नळाला वॉशर बसवायला प्लंबर आला तरी ह्याच्या कपाळाला आठ्या. त्यामुळे सासूबाईंनी जेव्हा मला बाजारात बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना पुन्हा लग्न करायचंय, तेव्हा माझ्या हातातली कांद्याच्या पातीची जुडी खाली पडली.

माणूस कोण, तर एजीदियो. जन्म गेला बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर, आता निवृत्त. दातांच्या डॉक्टरकडे ओळख झाली म्हणे. दोघांचाही गाल सुजलेला, म्हणजे रूपावर भाळण्याचा प्रश्नच नव्हता.

"रविवारी पिएरोकडे जेवायला त्यांनाही बोलावलंय," सासूबाई म्हणाल्या. "तिथेच सांगणार आहे. कताल्दो ताटावरून उठून गेला, तर लग्नाचा विषय संपला. पोराला दुखवून मला नवरा नको. आणि तू मध्ये तोंड घालू नकोस."

हे शेवटचं जरा जास्तच झालं, पण मी ऐकून घेतलं.

पिएरोची खाणावळ धाकट्या समुद्राच्या, म्हणजे आमच्या गावातल्या खाडीच्या काठावर, बोटींना वाट द्यायला बाजूला फिरणाऱ्या पुलापासून हाकेच्या अंतरावर. टेबलावर कागद अंथरलेला, खुर्च्या डुगडुगत्या, वाइन तांब्याएवढ्या जगमधून. आमचं अख्खं सासर तिथे लहानाचं मोठं झालं. एजीदियो आमच्याही आधी येऊन बसले होते. कोट पोटावर तंग, केस पाण्यानं चापून बसवलेले. कताल्दोनं त्यांच्याशी हात मिळवला तो असा, की कर वसुलीला आलेल्या माणसाशीही कोणी याहून बरा मिळवेल.

आधी काळ्या शिंपल्या आल्या, कच्च्या, लिंबू पिळून. माझी नणंद लोरेदाना एकदा शिंपल्यांना लागली की बाहेर युद्ध पेटलं तरी मान वर करत नाही. सगळा किल्ला मलाच लढवायचा होता, तोही तोंड बंद ठेवून. मी हवेबद्दल बोलले, बोटींबद्दल बोलले. एजीदियो बिचारे प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. कताल्दो पाव कुस्करत होता.

मग पिएरो परातीत ताजा ओराता घेऊन आला, दाखवायला. हा मासा म्हणजे आमचा रविवार. डोळे बघायचे, कल्ले उघडून बघायचे, नाकं मुरडायची, मग हो म्हणायचं. कताल्दोनं नाक मुरडलं, एजीदियोंनीही मुरडलं, आणि दोघांनी एकदमच मान हलवली. माझ्या जिवात जरा जीव आला. पण मासा बटाट्यांवर भाजून टेबलावर आला आणि पुढे सगळं बिनसलं.

आमच्याकडे मासा सोडवायचा मान घरच्या कर्त्याचा. काट्याचमच्यानं पाठ उघडायची, मधला काटा अख्खा उचलायचा आणि पाठीचा सगळ्यात जाड, मऊ तुकडा आधी घरच्या बाईला वाढायचा. सासरे होते तोवर ते करायचे, ते गेल्यावर कताल्दो. त्यानं बाह्या सारल्या. तेवढ्यात सासूबाईंनी काटा आणि चमचा उचलला आणि सरळ एजीदियोंच्या हातात दिला.

लोरेदानानंसुद्धा शिंपली खाली ठेवली.

एजीदियोंचा चेहरा पांढरा पडला, पण माणूस कामाला लागला आणि काम नीट केलं हे कबूल करायला हवं. काटा एकही तुटला नाही. मग त्यांनी ते भलंमोठं डोकं अलगद सोडवलं, डोळ्यांसकट, गालांसकट, आणि सासूबाईंच्या ताटात ठेवलं. पाठीचा जाड तुकडा वाढला कताल्दोला.

कताल्दो उठला. खुर्ची मागे भिंतीवर आदळली.

"माझ्या आईला डोकं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "पप्पांनी जन्मभर तिला मधला तुकडा दिला. डोकं आमच्याकडे मांजराला घालतात, साहेब."

एजीदियोंनी चमचा खाली ठेवला. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या माउलीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं आणि मला तोंड घालायची बंदी. शेवटी मी नवऱ्याच्या कोटाचं टोक टेबलाखालून धरलं आणि सोडलं नाही.

"कताल्दो," सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे मांजर कधी होतं?"

तो गोंधळला. "म्हणजे?"

"तू लहान असताना मी मासेवालीकडून डोकी आणायचे ना, मांजरासाठी म्हणून?"

"हो."

"मग मांजर कुठे होतं?"

कताल्दोनं लोरेदानाकडे बघितलं, लोरेदानानं माझ्याकडे. मी तर तेव्हा त्या घरात नव्हतेच.

"तुम्ही शाळेत गेलात की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मी ती चोखून खायचे," सासूबाई म्हणाल्या. "गालाचं मांस, डोळ्यामागची चरबी. मला जगात दुसरं काही इतकं आवडत नाही. पाठीचा तुकडा मला कोरडा लागतो रे. नेहमीच लागायचा."

"मग पप्पांना सांगितलं का नाहीस?"

"ते इतक्या हौसेनं वाढायचे, सांगणार कशी? त्यांनी प्रेमानं दिलं, मी प्रेमानं खाल्लं. त्यात कमी काही नव्हतं. फक्त त्यांनी कधी विचारलं नाही." त्यांनी एजीदियोंकडे बोट केलं. "ह्यांनी पहिल्याच जेवणाला विचारलं."

मला भरून आलं. एजीदियो मात्र टेबलावरच्या कागदावर नखानं रेघा ओढत बसले होते, गुन्हा पकडला गेल्यासारखे.

कताल्दो उभाच होता. मी कोट धरूनच होते. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भयंकर शंका उमटत गेली. ती मला दिसली, कारण मी ह्या माणसाशी संसार केलाय.

"आई," तो म्हणाला, "दर रविवारी मी तुला रिकोटा चीज भरलेली बिस्किटं आणतो."

सासूबाईंनी ताटातला बटाटा उलटा करून बघितला.

"सहा वर्षं आणतोय."

त्या खिडकीबाहेरच्या बोटी बघायला लागल्या. लोरेदाना खुदकन हसली आणि मग तिनं तोंडात पाव कोंबला. कताल्दो मटकन खाली बसला. इतका हबकलेला तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. जरा वेळानं त्यानं मान वळवून, त्या दिवसात पहिल्यांदाच, एजीदियोंकडे नीट बघितलं.

"तुम्हीच सांगा आता. तिला आवडतं तरी काय?"

"मी कशाला सांगू?" एजीदियो म्हणाले. "ती समोर बसलीये. तिलाच विचार ना."

कताल्दो आईकडे वळला. पन्नाशीचा माणूस, आईला एवढंसं विचारायला त्याची जीभ रेटेना. "आई, तुला काय आवडेल?"

"बदामाची आवडतात मला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही. "आणि सप्टेंबरात माझं ह्यांच्याशी लग्न आहे. चर्चमध्ये तुझा हात धरून जायला आवडेल."

मी कोट सोडला. जायचं तर जाऊ दे, म्हटलं, आता धरून काही उपयोग नाही. कताल्दोनं कागदी रुमालात मोठ्यानं नाक शिंकरलं. मग दुसरा रुमाल घेऊन पुन्हा शिंकरलं.

"बदामाची," तो म्हणाला. "कुठल्या दुकानातली?"