गुनवोरने कॉफी चुकवली

"दिवा बंद कर आणि चल," स्तुरे दारातून म्हणाला. "दालचिनीचे बन संपतील."

"तुम्ही व्हा पुढे," गुनवोर सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाली.

मी चाटच पडले. स्वीडनमधल्या उप्सालाच्या आमच्या प्रयोगशाळेत आग लागली असती तरी दहाची कॉफी कुणी चुकवली नसती! शिवाय कॉफीला जाताना सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करायचा, हा प्रोफेसर स्तुरेचाच नियम.

आम्ही सगळे यकृताच्या लाखो पेशी एकदम मोजत असू. हार्मोन टाकलं की आतलं कॅल्शियम वाढे, पेशींत घातलेला रंग चमके आणि आलेखयंत्राची लेखणी कागदावर एकच टेकडी काढे. त्या गर्दीत एकेकीचं काय चाललंय ते दिसत नसे. गुनवोरने मात्र एकटी पेशी धरली होती. "ती लुकलुकते रे," असं तिने महिन्यापूर्वी सांगितलं, तेव्हा स्तुरे हसला होता. "वायर सैल असेल तुझी!" एकोणतीस वर्षं पेशी वाढवणाऱ्या बाईला ते जिव्हारी लागलं. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती.

आम्ही परतलो तर कागद जमिनीवर लोळत होता. त्यावर शिखरं होती, एकामागून एक, सारख्या उंचीची.

"हीच ती वायर," स्तुरे म्हणाला.

"बस इथे. तुझ्या हाताने हार्मोन दुप्पट कर."

त्याने केलं. लेखणी वर गेली, तेवढीच. पण खाली येते न येते तोच पुन्हा उठली, आणि पुन्हा. शिखरं जवळजवळ आली होती.

"आता हार्मोन धुऊन टाक."

त्याने धुतलं. रेघ सपाट झाली.

"वायरला काय कळतंय रे," गुनवोर शांतपणे म्हणाली, "तू किती हार्मोन घातलंस ते?"

स्तुरेचे कान लाल झाले. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"चुकलो, गुनवोर," तो म्हणाला. "पुन्हा करून बघायचं?"

"तीनदा. आणि मला कॉफी आण, कडक."

तो खरोखरच धावत गेला. कप आणि बन घेऊन आला तेव्हा नवी पेशी नुकतीच लुकलुकू लागली होती. आत खायचं-प्यायचं नाही, हाही त्याचाच नियम, म्हणून तो उंबऱ्यावर थांबला.

"धर जरा," गुनवोर मागे न बघता म्हणाली. "हिचं अजून संपलेलं नाही."

कॉफी गार होईपर्यंत तो कप धरून उभा होता.