एकाच लॉटच्या दोन

दुकानदाराने दोन हार्ड डिस्क काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांच्या पाठीवरचे बारीक आकडे वाचले, आणि त्यातली एक उचलून परत फळीवर ठेवून दिली.

"ही नाही देणार."

"का? खराब आहे?"

"चांगली ठणठणीत आहे. पण दोन्ही एकाच लॉटच्या निघाल्या. अशी जोडी मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. थांबा, वेगळ्या लॉटची शोधतो."

नकाशेवाला मनातल्या मनात हसला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती, त्यामुळे कचेरीत काय नि शेजारात काय, सगळे त्याला नकाशेवालाच म्हणत. दुकानदारांची सोंगं तो ओळखून होता. एक वस्तू परत ठेवायची, म्हणजे दुसरी आपोआप भारी वाटते. पण हा माणूस खरोखरच स्टुलावर चढून वरची खोकी धुंडाळू लागला, तेव्हा नकाशेवाला निमूटपणे कॅबिनेटांकडे वळला.

घरच्या सर्व्हरसाठी त्याला ऐसपैस कॅबिनेट हवं होतं. सर्व्हर म्हणजे तरी काय, आईच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात अहोरात्र चालू असलेला एक छोटा संगणक. त्यातल्या दोन डिस्क आता तुडुंब भरल्या होत्या. दुकानात तीन कॅबिनेटं मांडलेली होती. एकाला बाजूने काच नि आत रंगीत दिवे.

"ते तुमच्या कामाचं नाही," स्टुलावरून आवाज आला. "आतलं दिसतं म्हणून लोक घेतात, आणि आत बघण्यासारखं काही नसतं. ते बुटकं काळं बघा. समोर चार खण आहेत."

नकाशेवाल्याने बुटक्या काळ्याचा एक खण ओढून पाहिला, पुन्हा आत सारला. खण अलगद बसला. डिस्क थरथरू नये म्हणून आत रबराच्या चकत्या होत्या, आणि मागे मोठा, सावकाश फिरणारा पंखा होता. चार खण. दोन आतासाठी, दोन पुढच्यासाठी. त्याला मनापासून समाधान वाटलं.

"काय साठवता एवढं?" दुकानदाराने विचारलं. "सिनेमे?"

"आईचं बोलणं."

दुकानदाराने खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा खोकी चाळू लागला.

याची सुरुवात एका झडपेपासून झाली होती. तीन वर्षांपूर्वी भर रस्त्यात मोठा नळ फुटला. तो बंद करायची झडप नेमकी कुठे पुरली आहे हे फक्त एका म्हाताऱ्या फिटरला ठाऊक होतं, आणि तो आदल्याच महिन्यात वारला होता. कुठल्याच नकाशात तिची खूण नव्हती. दोन दिवस रस्त्यावरून पाणी वाहत राहिलं आणि नकाशेवाला त्यात घोट्यापर्यंत उभा राहून अंदाजाने खड्डे खणायला सांगत राहिला. एखादी गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात असणं त्याला तेव्हापासून सहन होईनासं झालं.

आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. आईवडिलांनी मिळून चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलं होतं. ते कापायचे, ती शिवायची. बोलणंही तसंच. वडील एखादी हकीकत बेतायचे आणि आई ती पुरी करायची. आता सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर आला होता. वडिलांना जाऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच नकाशेवाल्याने तिच्यासमोर माइक मांडला.

आई रोज दुपारी दोन तास बोलायची. सुट्टीच्या दिवशी तो, एरवी त्याची बायको माइकपाशी बसायची. प्रत्येक हकिकतीला तो क्रमांक द्यायचा, तारीख घालायचा आणि एका वहीत नोंद करायचा. दोनशे बारा नोंदी झाल्या होत्या. प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर होती, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी शाबूत.

हाताने काज कसं करायचं, ही सत्तेचाळिसावी नोंद. ते सांगायला आईने दीड तास घेतला होता. चार दिवसांनी त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून त्याने तिच्या हातात सुई दिली. तिने ती बोटांत फिरवून पाहिली, टोकाला अंगठा लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"टोचतंय रे. कशाला दिलंस हे?"

वयाचा दोष, असं डॉक्टर म्हणाले. दुःखाचाही असेल. मग एकदा त्यांच्याच जुन्या दुकानावरून जाताना तिने विचारलं, "इथे कोण असतं?" मग सख्खी बहीण गेली. म्हणजे बहीण होती तिथेच होती, पण आईला ती उरली नाही. फोनवर ती बिचारी रडली, आणि आईने सौजन्याने तिची समजूत काढली.

सकाळच्या वेळी आई खुर्ची ओढून कपाटापाशी बसू लागली होती. सर्व्हरच्या उष्णतेने तिथली भिंत कोमट असायची. एकदा ती कपाटाच्या दाराला कान लावून गालातल्या गालात हसत होती.

"काय ऐकतेस?" त्याने विचारलं.

"आत कोणीतरी बाई बोलतेय. छान सांगते हं."

त्याने दार उघडून पाहिलं. आत पंख्याची घरघर होती आणि दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. तिथे स्पीकर नव्हताच, कधीच नव्हता. आईने मात्र तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं, कारण बाईचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने वही काढून ताडून पाहिलं. आई जे जे विसरली होती, ते ते त्याच्या वहीत होतं, क्रमांकासह, तारखेसह. वहीत नसलेली एकही गोष्ट ती विसरली नव्हती. माणसाने अशा वेळी घाबरावं. पण नकाशेवाल्याला काय वाटावं? बरं झालं, वेळेवर उतरवून घेतलं!

आता एकच गोष्ट राहिली होती, त्याच्या जन्माची. तो सातव्या महिन्यातच जन्मला, एवढंच त्याला माहीत होतं. एक्कावन्न वर्षांचा, पोट सुटलेला झाला तरी आई त्याला 'बोटभर' म्हणून हाक मारायची, आणि का ते विचारलं की नुसती हसायची. त्याने दोनदा मागून पाहिलं. दोन्ही वेळा तिने माइक हाताने बाजूला केला होता.

"ते माझ्याकडे राहू दे रे. तेवढं एकच उरलंय."

म्हातारपणीचा हळवेपणा, असं त्याला वाटलं. आज सुट्टी असूनही त्याने माइकपाशी बायकोला बसवलं होतं. "तुझ्याशी ती मोकळी बोलते, तू विचारून बघ," असं तिला सांगून, माइक जोडून देऊन तो दुकानात आला होता.

"सापडली." दुकानदार स्टुलावरून उतरला. "ही तीन महिन्यांनी धाकटी आहे. आता जोडी बरी."

पैसे चुकते झाले. दुकानदार सगळं खोक्यात भरून सुतळी बांधू लागला, तेव्हा नकाशेवाल्याने सहज विचारलं, "पण एका लॉटच्या असल्या तर बिघडतं काय?"

"दोघी सारख्याच झिजतात ना. एक गेली की दुसरीही थकलेलीच असते. आणि नेमकं तेव्हाच आपण तिच्यासमोर कोरी करकरीत डिस्क आणून बसवतो. म्हणतो, तुझ्याकडे आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत हिला वाचून दाखव. उसंत नाही, काही नाही. जन्मात एवढं काम तिला पडलेलं नसतं." त्याने गाठ ओढली. "तशीही ती काही दिवस चालली असती हो. वाचून दाखवण्यात जाते. मी पाहिलंय, शेवटचं उतरवून झालं आणि बंद."

"मग... उतरवलेलं?"

"ते नव्या डिस्कवर सुखरूप असतं की. तुमचं काहीच जात नाही."

"आणि जुनी?"

"तिचं काय करणार? कागद उडू नयेत म्हणून ठेवा वर."

नकाशेवाल्याला हसायला हवं होतं. त्याऐवजी त्याला आईसमोर मांडलेला माइक आठवला. त्याने खिशातून मोबाइल काढून बायकोला फोन लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. बंदच. रेकॉर्डिंग चालू असताना फोन बंद ठेवायचा, हा नियम त्यानेच मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या खोलीच्या दारावर चिकटवला होता.

"काय झालं? बसा जरा," दुकानदार म्हणाला.

तो बसला नाही. खोकं पोटाशी धरून तो भर उन्हात चालत सुटला, मग धावू लागला. लोक वळून बघत होते. एवढ्या घाईतही खोकं खाली ठेवावं असं त्याला सुचलं नाही. चौकात सिग्नलपाशी थांबावं लागलं तेव्हा तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता, नको सांगूस, आई, आज नको सांगूस. लिफ्ट वर अडकली होती. तीन मजले चढून त्याने कोपराने घंटा दाबली.

बायकोने दार उघडलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि चेहरा फुलला होता.

"अरे, सांगितलं एकदाचं! पुरे दोन तास. इतकं सुंदर सांगितलं आईंनी, मला रडूच आवरेना."

त्याला धाप लागली होती. "कबूल कशी झाली ती?"

"मी फक्त विचारलं. त्यांनी स्वतःच माइक जवळ ओढला. मग म्हणाल्या, लहानपणी त्याने कधी कशाचा हट्ट केला नाही गं. आता एवढं मागतोय, तर देऊन टाकू."

आई खुर्चीत बसली होती. चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नव्हती. तिला इतकं निश्चिंत त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो आत आला तशी ती जरा सावरून बसली.

"या ना. दुकानातून आलात का?"

बायको हसली. "आई, काय हे! थट्टा पुरे." मग तिने आईकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

"ठेवा ते खाली," आई त्याला म्हणाली. "जड दिसतंय. उन्हातून आलात, घामाघूम झालात अगदी. काय आहे हो त्यात?"

त्याने खोकं जमिनीवर ठेवलं. 

"तुमचं बोलणं ठेवायचंय यात. चार खण आहेत. काही हरवणार नाही."

"माझं बोलणं?" आईला गंमत वाटली. "आणि ते ठेवायचं कोणासाठी? आम्हांला मूलबाळ नाही."

कपाटात पंख्याची घरघर चालूच होती.  नकाशेवाल्याने आईच्या हाताकडे हात नेला आणि मध्येच थांबवला, कारण परक्या माणसाने हात धरला तर ती घाबरली असती.

"हो," तो म्हणाला, "दुकानातूनच आलोय."

तो तिच्या पायांशी मांडी घालून बसला आणि सुतळीची गाठ सोडवू लागला. गाठ पक्की होती. त्याची बोटं पुन्हा पुन्हा घसरत होती.

"सावकाश करा," आई म्हणाली. "मला काही घाई नाही."