सात चाळीसच्या वर नाही

चारचौघांत पैसे देताना फोलाऊचा हात आपोआप सैल सुटतो, हे मांगेरे उपनगरातल्या आमच्या टोंगन लोकांच्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वार्षिक देणगीच्या रविवारी एकेका घराचं नाव पुकारतात, ते घर पुढे जाऊन पैसे ठेवतं आणि आकडा मोठ्यानं वाचला जातो. दोन वर्षांपूर्वी फोलाऊच्या आधी त्याच्या चुलतभावाचं नाव आलं. भावाचा आकडा ऐकला आणि फोलाऊनं ठरलेल्या पाकिटावर आपलं बँकेचं कार्डसुद्धा ठेवलं. घरासाठी साठवलेल्या पैशांचा मोठा लचका त्या सकाळी तुटला. त्याची बायको वायोला बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. न वाजवून करते काय?

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून साठवलं. तो विमानतळाच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालायची. भाड्याच्या घरात भिंतींना बुरशी होती आणि धाकटी लेक सेला हिवाळाभर खोकायची. शेवटी शेजारच्या ओटाहूहूमध्ये एक निळ्या दाराचं घर सापडलं. कोरडं, उन्हाचं, मागे लिंबाचं झाड. पण ते लिलावात निघणार होतं; इथं बरीच घरं तशीच विकतात.

बँक सात लाख नव्वद हजारांपर्यंतच्या घराला कर्ज द्यायला तयार होती. दोघांनी स्वयंपाकघरात बसून हिशेब मांडला. सात चाळीसच्या, म्हणजे सात लाख चाळीस हजारांच्या, वर गेलं तर फोलाऊला कायमचं जादा पाळीवर राहावं लागणार होतं. त्यात टोंगाहून, आमच्या मूळ बेटांवरून, कुणाच्या मयताचा फोन आला, तर द्यायला हातात काही उरणार नव्हतं. आकडा ठरला, सात चाळीस. त्यावर एक डॉलर नाही.

दुसऱ्या दिवशी वायोला नणंदेकडे गेली. कालोताई म्हणजे फोलाऊची थोरली बहीण. आम्हा टोंगन लोकांत बहिणीचा मान भावाच्या वर. भाऊ तिच्यासमोर आवाज चढवत नाही, थट्टा करत नाही, तिच्या शेजारी कोचावर टेकतसुद्धा नाही. कालोताई चटई विणत बसली होती.

“लिलावात बोलीचं कार्ड तुम्ही धरा,” वायोला म्हणाली.

“नवऱ्यावर भरवसा नाही वाटतं?”

“त्याच्यावर आहे हो. बघणाऱ्यांवर नाही. चार माणसं बघायला लागली की त्याचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.”

“आणि तुझं काय होतं?”

“माझं? मी तर पावसुद्धा सवलतीतला आणते, कालोताई!”

कालोताईनं हातातली पट्टी ओढून घट्ट केली. “येईन. पण आकडा तुम्ही दोघांनी ठरवलाय. तिथं आल्यावर मला कुणी नवा सांगायचा नाही. तूसुद्धा.”

लिलावाच्या दिवशी खोली भरलेली होती. कालोताई पहिल्या रांगेत काळ्या पोशाखात, कमरेला मानाची विणलेली चटई बांधून बसली, जशी ती चर्चला जाते तशी. शेजारी वायोला. फोलाऊ एक रांग मागे. भिंतीपाशी एक माणूस कानाला फोन लावून उभा होता; तो दुसऱ्या कुणासाठी तरी बोली लावत होता.

सुरुवात साडेसहा लाखांवर झाली. सुरुवातीला पाच-सहा जण होते. सात लाखांवर बाकीचे गळले आणि फोनवाला आणि कालोताई एवढेच उरले. लिलाववाला हसतमुख होता. तो एकदा इकडे वळायचा, एकदा तिकडे.

“सात तीस, फोनवर. ताई, तुमचं काय?”

कालोताईनं कार्ड वर केलं. “सात चाळीस.”

फोनवाला पाठ फिरवून कुजबुजायला लागला. बोल रे नाही, वायोला मनात म्हणत होती, नाही म्हण. त्यानं मान हलवली. नाही.

पण हातोडा पडला नाही. मालकाची अपेक्षा जास्त होती. लिलाव थोडा वेळ थांबवला गेला, आणि सगळ्यात मोठी बोली यांची म्हणून डेमियन नावाचा एजंट तिघांना शेजारच्या खोलीत घेऊन गेला. खोली एवढीशी. बहीण आत बसलेली म्हणून फोलाऊ दारातच उभा राहिला.

डेमियननं खुर्ची पुढे ओढली. “घर तुमच्या हातात आहे. मालक सात साठला सही करतायत. फक्त वीस हजार! तीस वर्षांत वाटले तर काय हो, आठवड्याला दोन कॉफ्या.” मग दाराकडे बघून तो म्हणाला, “घरातला कर्ता पुरुष काय म्हणतो?”

वायोलानं डोळे मिटले. आता हा हो म्हणणार, तिला वाटलं.

फोलाऊनं दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले होते. “ताई बोलतील,” तो म्हणाला.

“सात चाळीस,” कालोताई म्हणाली.

“मॅडम, फोनवरचा माणूस परत येणार.” मग तो वायोलाकडे वळला. “तुमची मुलगी त्या लिंबाखाली खेळत होती ना, त्या दिवशी घर बघायला आलात तेव्हा? मला आठवतंय.”

आणि वायोलाच्या तोंडून शब्द निघून गेले. “देऊन टाकू.”

फोलाऊनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

“देऊन टाकू, कालोताई. बँक देतेय. मी रविवारची पाळी घेईन. सेलाची खोलीसुद्धा ठरवलीय मी. पडदे घेतलेत!”

पडदे घेतले होते, हे फोलाऊलाही माहीत नव्हतं.

“सात चाळीस,” कालोताई पुन्हा म्हणाली. तिनं वायोलाकडे बघितलंही नाही.

डेमियन बाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला. मालक हलला नाही. सगळे मोठ्या खोलीत आले, लिलाव पुढे सुरू झाला आणि फोनवाल्यानं शांतपणे सात साठ सांगितले.

“आता घर खरंच विकलं जाणार आहे,” लिलाववाला यांच्याकडे बघून म्हणाला. “सात साठ, एक वार.”

वायोलानं नणंदेच्या मांडीवरच्या कार्डाला हात घातला. कालोताईनं ते सोडलं नाही. दोघी बायका पहिल्या रांगेत एका पुठ्ठ्याला धरून बसल्या, आणि अख्खी खोली बघत होती.

“दोन वार.”

मागून फोलाऊचा हात वायोलाच्या खांद्यावर आला. “वायोला,” तो हळूच म्हणाला, “नको. लोकांना बघू दे. नको.”

हातोडा पडला. तिची बोटं तेव्हा कुठं सुटली.

गाड्या लावायच्या जागेत ती नणंदेवर ओरडली. आमच्यात असं कुणी करत नाही. “तुम्हाला काय! तुमच्या घराला कुठं बुरशी आहे? रात्रभर खोकणारं लेकरू तुमचं नाही!”

“बोल,” कालोताई म्हणाली. “सगळं बोलून घे.” मग ती बस पकडून एकटीच घरी गेली.

त्यानंतर कितीतरी रविवार ती जेवायला आली नाही, आणि वायोलानं बोलावलंही नाही. हिवाळ्यात गोदामातली जादा पाळी बंद झाली. त्या संध्याकाळी इस्त्री करता करता वायोलानं मनातल्या मनात सात साठचा हप्ता काढून पाहिला; जादा पाळीशिवाय तो बसत नव्हता. मग इस्त्रीची तार काढली. तरी तिचा राग गेला नाही. घर गेलं होतं, आणि कालोताई बरोबर ठरली तरी ते गेलेलंच होतं.

शनिवारी तिनं अळूच्या पानांत मटण बांधून नारळाच्या दुधात शिजवलं आणि डबा घेऊन नणंदेकडे गेली. दोघी जेवायला बसल्या.

“तुम्हाला काहीच वाटलं नाही का हो त्या दिवशी?” शेवटी वायोलानं विचारलं.

कालोताईनं बोटं पुसली. “माझ्याकडे मयतासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. माझ्या स्वतःच्या. वीस हजारांच्या वर. तो माणूस लिंबाचं बोलला ना, तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, मी देते म्हणून.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “पुढच्या वेळी मला नेऊ नकोस. माझ्याच्यानं दुसऱ्यांदा व्हायचं नाही.”

पुढच्या वेळी लिलाव नव्हताच. वसंतात त्यांनी पापाकुरात एक घर घेतलं. लहान, कामापासून लांब, किंमत आधीच ठरलेली. निळ्या दारासाठी घेतलेले पडदे तिथल्या खिडक्यांना लांब झाले आणि वायोलानं ते कापले नाहीत, कुणाला तरी देऊन टाकले. कधी ओटाहूहूवरून जाताना ती अजूनही गाडीचा वेग कमी करते.

पहिल्याच रविवारी कालोताई आली. खोल्या फिरून भिंतींना हात लावून पाहिला, नळ सोडला, बोट पाण्याखाली धरून उभी राहिली.

“गरम पाणी यायला वेळ लागतो,” ती म्हणाली.

“लागतो,” वायोला म्हणाली. “बसा. जेवायचंय अजून.”

कालोताई बसली, आणि फोलाऊ आपली थाळी घेऊन बाहेर पायरीवर गेला.