नाही म्हणावे

विचारलं तुम्हीच. आणि तिनं उत्तर दिलं तेव्हा दंडाला धरून बाहेर काढलंत, तेही तुम्हीच. साठी उलटलेली बाई. खुर्चीखाली काढून ठेवलेल्या वहाणा पायात सरकवायला उसंतसुद्धा दिली नाहीत.

वहाणा तिनं का काढल्या होत्या, ते तुम्हाला कळायचं नाही. जिथं कायदा होतो ती जागा देवळासारखी असणार, असा तिचा समज होता.

दुर्गाबाईचं घर चाकणच्या पलीकडं, टेकाडाखालच्या गायरानात. भावकीनं वाडवडिलांचं रान कंपनीला देऊन टाकलं, नवऱ्याच्या, कोंडीरामच्या, वाटणीला जे पैसे आले ते त्याच्या दुखण्यात गेले, आणि मग गावानंच दोघांना गायरानाच्या कडेला जागा दाखवली. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं शेवग्याचं झाड. कोंडीराम गेला, मुलगी नांदायला गेली. दुर्गाबाई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत राहिली. पुढं तिथं पोळ्यांचं मशीन आलं. तेव्हापासून ती नुसतं तेल लावते. पण पाठीमागं घर आहे, म्हणून बाई उभी आहे.

त्या गायरानावर कुणाचा डोळा होता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कंपन्यांना कंटेनर उभे करायला जागा हवी होती. मोठी माणसं गाड्या घेऊन आली, शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. ग्रामसेवकानं ठराव वाचला आणि म्हणाला, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा." पुढच्या खुर्च्यांवरून हात वर झाले. "नामंजूर?" हे त्यानं आपलं विचारायचं म्हणून विचारलं, तोवर तो कागदाची घडी घालायला लागलाही होता.

मागं सतरंजीवरून दुर्गाबाई उठली.

"न्हाई."

"मावशी, कारण सांगावं लागतं."

"माजी चूल हाय तितं. आनि काय कारन पायजे तुला?"

पटांगण हसलं. पण हसता हसता बायांचे हात वर आले, मग म्हाताऱ्यांचे, मग शिफ्ट सुटून कंपनीच्या कपड्यांतच आलेल्या पोरांचे. ठराव पडला. गाड्या आल्या तशा गेल्या. त्या दिवशी दुर्गाबाईच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ते विचारतात, आपण न्हाई म्हणायचं, मग थांबतं.

तुमच्याही डोक्यात तीच बसली. म्हणून तुम्ही विचारणंच बंद करायचं ठरवलंत.

"गायरान द्यायला आता ग्रामसभेचा ठराव लागणारच न्हाई, असा कायदा येतोय," वर्षाली सांगत होती. ती ग्रामपंचायतीची सदस्य. फर्स्ट शिफ्ट करून थेट दुर्गाबाईच्या ओट्यावर येऊन बसली होती.

"कोन आनतंय?"

"सरकार. मुंबईला सभागृहात मांडायचा, आमदारांनी मंजूर करायचा. आपल्या ग्रामसभेवानीच, फक्त मोठी."

"मंग झालं की. आपला आमदार न्हाई म्हनंल. इलेक्शनला माज्या हातचं पिठलं खाऊन गेलाय त्यो."

वर्षाली चपलेचा बंद चाचपत बसली.

अधिवेशन भरलं की मतदारांना सभागृह दाखवायला न्यायची आमदारांची रीत असते. आमदारसाहेबांचा कार्यकर्ता खंडू गाडी भरत होता, तीत या दोघी बसल्या. घाट उतरेपर्यंत खंडूच्या सूचना चालू.

"आज्जे, तितं टाळी वाजवायची न्हाई. बोलायचं न्हाई. खोकला आला तरी गिळायचा."

"आन् शिंक?"

"शिंक घरी ठिऊन यायची व्हती!" गाडी हसली. दुर्गाबाईही हसली.

दारात खुद्द साहेब भेटले. वाकून पाया पडले. "आई, काळजी करू नका. मी आहे ना आत." फोटो निघाला.

आणि साहेब आत होतेच. वरच्या गॅलरीतून तिला दिसत होते. मधल्या रांगेत, मान खाली, बोट मोबाईलवर. तिच्या विधेयकाची पाळी आली तशी विरोधातली माणसं घोषणा देत उठली आणि बाहेर चालू लागली.

"ह्ये कुटं निगाले गं?"

"सभात्याग म्हणत्यात. निषेध हाय त्यांचा," वर्षाली कुजबुजली.

"आगं पन आत्ताच गेल्यावर न्हाई म्हननार कोन?"

खाली विधेयक सुरू झालंसुद्धा. खंड अमुक विधेयकाचा भाग झाला, खंड तमुक विधेयकाचा भाग झाला. कॅन्टीनच्या मशीनमधून पोळ्या पडतात तसं. कच्ची निघाली की करपली, बघायला कुणाला वेळ नाही. दुर्गाबाईला त्यातलं फारसं कळलं नाही. पण शेवटचं कळलं, कारण ते तिच्या ओळखीचं होतं.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

पुढच्या बाकांवरून चार-दोन आवाज आले. होय.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

आणि अध्यक्षांची उंच खुर्ची जराशी थांबली. ग्रामसेवक असाच थांबला होता. दुर्गाबाईनं साहेबांकडं पाहिलं. मान खालीच. रिकाम्या बाकांकडं पाहिलं. आता कुणीच बोललं नाही तर हे होऊन जाणार, चुलीसकट, शेवग्यासकट. ती उठली.

"न्हाई!"

सगळ्या माना वर झाल्या. साहेबांचीसुद्धा. तोवर गॅलरीतल्या शिपाई बाईनं तिचा दंड धरला होता.

"आगं, त्यांनीच इचारलं!"

"तुम्हाला नाही विचारलं, आजी. चला."

"मंग कुनाला? घर माजं हाय!"

दार लागता लागता आतला आवाज आला. "गॅलरीतून जे बोलले गेले ते कामकाजातून काढून टाकावे. होयचे बहुमत. विधेयक संमत झाले आहे."

साहेब घाईघाईनं बाहेर आले. "आई, काय केलंत हे? माझी मान खाली घातलीत."

"ती खालीच व्हती, बाबा. तुमी का न्हाई बोलला?"

"मी होयसुद्धा म्हणालो नाही. शपथ."

"मंग न्हाई तरी कुटं म्हनलात?"

"पक्षाचा आदेश असतो, आई. वरून येतो. मोडला तर आमदारकी जाते."

दुर्गाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "मंग आमी मत तुमाला कशाला दिलं? वरच्यालाच दिलं असतं. पिठलं तरी वाचलं असतं."

साहेबांचा फोन वाजला आणि त्यांची सुटका झाली. वर्षाली वहाणा मागायला गेली, तर आता परत आत सोडता येणार नाही, म्हणाले. दुर्गाबाई अनवाणी गाडीत बसली. घाट चढेपर्यंत खंडूनं एक सूचना केली नाही.

गेल्या आठवड्यात गायरानात माणसं आली. घराघराच्या भिंतीवर लाल रंगानं आकडे घातले. "मावशी, माझ्यावर रागावू नका. कायदा झालाय," रंगवाला म्हणाला. तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं.

त्यानंतर ग्रामसभा भरली. विषय होता वेशीतल्या दिव्यांचा. मंजूर म्हणून हात वर झाले, खाली आले. "नामंजूर?" म्हणताना ग्रामसेवकाची नजर सवयीनं मागच्या सतरंजीवर गेली. सगळं पटांगण तिकडं वळलं. दुर्गाबाई बसूनच राहिली. हात मांडीवर, तळवे उताणे.

"मला नगं इचारू, बाबा," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही.

वहाणांचं राहू द्या. त्या तुमच्या खुर्चीखाली असतील, नाहीतर झाडूबरोबर गेल्या असतील. तिनं चाकणच्या बाजारातून दुसऱ्या आणल्या. पण तुम्ही कामकाजातून काढून टाकलेला तो शब्द? तो बाजारात मिळत नाही. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, असं तुम्ही म्हणालात. ती म्हणाली. भर सभागृहात एकटीच म्हणाली. आता थांबायची पाळी आमची आणि बोलायची तुमची. सांगा, कुठं ठेवलात तो?